कटी, वंक्षण आणि जांघ : मणक्याची चकती व खुब्याचा सांधा यांच्या रोगांतील भेदनिर्णयाचा इतिहास

१

शरीराच्या अवयवांची नावे भाषेत स्थिर असतात, असा आपला सर्वसाधारण समज असतो. परंतु ‘जांघ’ हा एकच शब्द घेतला तरी तो समज टिकत नाही. संस्कृत वैद्यकग्रंथांत ‘जंघा’ म्हणजे गुडघ्यापासून घोट्यापर्यंतचा, ज्याला आपण नडगी व पोटरी म्हणतो तो, पायाचा भाग होय. हिंदीत ‘जाँघ’ म्हणजे मांडी. आणि आजच्या मराठीत ‘जांघ’ म्हणजे पोट व मांडी जेथे मिळतात ती घडीची जागा. हिला संस्कृतात ‘वंक्षण’ असे नाव आहे. एकाच कुळातील शब्द, पण शरीरावरील त्याची तीन ठिकाणे वेगवेगळी. आणि या तीन ठिकाणी होणाऱ्या वेदनेचा वैद्यकीय अर्थही एक नाही.

हा प्रश्न केवळ शब्दकोशकाराच्या कुतूहलाचा नव्हे, हे अंधेरीसारख्या उपनगरात लवकर ध्यानात येते. १९५० मध्ये अंधेरी बृहन्मुंबईच्या हद्दीत आली. वेसाव्याचे कोळी, जुन्या गावठाणांतील ईस्ट इंडियन ख्रिस्ती, कोकणातून व घाटावरून आलेले चाकरमाने आणि कामगार, गुजराती व्यापारी, उत्तर हिंदुस्थानातून पोटासाठी आलेले श्रमिक असे अनेक भाषांचे लोक येथे रेल्वेच्या दोन्ही अंगांस वसले. अशा वस्तीतील एखाद्या दवाखान्याच्या बाकावर दोन रुग्ण शेजारी बसले आहेत, अशी कल्पना करावी. दोघेही लंगडत आले आहेत. मराठी बोलणारा म्हणतो, “कंबर धरली आहे, जांघेत कळ येते.” हिंदी बोलणाराही कमर दुखत असल्याचे व ते दुखणे ‘जाँघ’ म्हणजे मांडीपर्यंत उतरत असल्याचे सांगतो. चिठ्ठीवर दोघांपुढे ‘कंबर व जांघ’ एवढेच लिहिले गेले, तर दोन भिन्न तक्रारी एका नावाखाली जमा होतात. पहिल्याने बोट ठेवले असते ते जांघेच्या घडीवर, आणि त्यावरून खुब्याच्या सांध्याचा विचार आधी सुचला असता. दुसऱ्याने हात फिरवला असता तो मांडीच्या मागच्या बाजूवरून, आणि त्यावरून कण्यातून निघणाऱ्या नाडीकडे लक्ष गेले असते.

‘कंबर’ हा शब्दही काही कमी फसवा नाही. शेवटच्या बरगडीपासून कुल्ल्यापर्यंतचा सारा प्रदेश मराठी माणूस कंबर म्हणून दाखवितो. खुबा हा शब्द भाषेत आहे, परंतु तो रुग्णाच्या तोंडी क्वचितच येतो. उलट ‘मणक्यातील गादी सरकली’ हा वाक्प्रयोग आता घरोघरी झाला आहे. त्यामुळे कंबर दुखली की गादी, असे समीकरण रुग्ण दवाखान्यात येण्यापूर्वीच करून आलेला असतो. वस्तुतः दोन मणक्यांमधील चकती गादीप्रमाणे अखंड सरकत नाही. तिच्या भोवतालचे तंतुमय कडे फाटून आतील मऊ गर बाहेर डोकावतो आणि शेजारच्या नाडीमूळाला बाधा करतो. शब्दाने निर्माण केलेले चित्र आणि शरीरातील घटना यांत येथेही अंतर आहे.

प्रस्तुत लेखात या भेदनिर्णयाचा इतिहास थोडक्यात मांडावयाचा आहे. तो मांडताना एक विधान पुढे ठेवतो. दुखणे जेथे जाणवते तेथेच ते उत्पन्न होते असे नाही. म्हणून वेदनेच्या स्थानावरून तिच्या उगमाकडे जाण्याचा मार्ग प्रत्येक पिढीला शोधावा लागला. ज्या पिढीच्या हाती जे साधन होते, त्या साधनाला जो अवयव दिसला, त्याच अवयवावर तिने दोष ठेवला. साधने बदलली तसे आरोपी बदलले. टिकून राहिली ती रुग्णाच्या हालचालीची हाताने केलेली परीक्षा.

२

आपल्याकडील प्राचीन वर्णनांपासून आरंभ करणे सोयीचे आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात वातव्याधींच्या प्रकरणी ‘गृध्रसी’ नावाचा विकार वर्णिला आहे. त्यातील वेदना कुल्ल्यापासून सुरू होते आणि कटी, पाठ, मांडी, गुडघा, जंघा व पाऊल अशा क्रमाने उतरते. ताठरपणा, टोचणी आणि वारंवार होणारे स्फुरण ही तिची लक्षणे सांगितली आहेत. येथे ‘जंघा’ याचा अर्थ आजच्या मराठीप्रमाणे घेतल्यास सारा क्रम विस्कटतो. गुडघ्यानंतर वेदना एकदम जांघेत उडी मारते, असे मानावे लागेल. संस्कृत अर्थ घेतला की क्रम सरळ लागतो व वेदना गुडघ्याच्या खाली पोटरीतून पावलापर्यंत पोहोचते. गुडघ्याखाली उतरणारी ही वेदनाच आजही नाडीमूळाच्या विकाराची एक महत्त्वाची खूण मानली जाते. पाठभेदाइतकाच अर्थभेदही संशोधकाला किती दूर नेऊ शकतो, याचे हे चांगले उदाहरण आहे.

सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात याच विकाराचे वर्णन वेगळ्या अंगाने येते. टाच व पायाची बोटे यांच्याकडे जाणाऱ्या कंडरा वाताने पीडित झाल्या आणि त्यांनी पाय उचलून पुढे टाकण्याची क्रिया रोखली, म्हणजे ती गृध्रसी, असा त्याचा आशय आहे. चरकाने वेदनेचा मार्ग दिला. सुश्रुताने हालचालीतील अडथळा दिला. त्याच ठिकाणी सुश्रुताने ‘खंज’ व ‘पंगू’ यांचाही विचार केला असून, लंगडण्याच्या त्या विकारांतील वाताचे अधिष्ठान कटीत सांगितले आहे.

याच ग्रंथाच्या शारीरस्थानात सांध्यांचे प्रकार दिले आहेत. काख आणि वंक्षण येथील सांधे ‘उलूखल’ म्हणजे उखळासारखे, तर मान व पृष्ठवंश येथील सांधे ‘प्रतर’ या निराळ्या जातीचे, असे ते वर्गीकरण आहे. खुब्याच्या वाटीत मांडीच्या हाडाचे गोल डोके फिरते, हे ज्याने पाहिले त्यालाच उखळाची उपमा सुचली असणार. म्हणजे खुब्याचा सांधा व कण्याचे सांधे रचनेने भिन्न आहेत, हे शारीरात स्पष्ट होते; आणि पायात उतरणाऱ्या वेदनेचे वर्णन निदानात स्पष्ट होते. मात्र या दोहोंना जोडणारा प्रश्न, म्हणजे ही वेदना कण्यामुळे की वंक्षणसंधीमुळे, तेथे विचारलेला दिसत नाही. याचे कारणही शोधता येते. विकाराचे कारण वात हे सर्वसंचारी तत्त्व मानले की, तो कोणत्या विशिष्ट सांध्यातून निघाला हा प्रश्न चिकित्सेच्या दृष्टीने निकडीचा राहत नाही.

मुंबईच्या निर्णयसागर मुद्रणालयाने यादवजी त्रिकमजी आचार्य यांच्या संपादनाखाली या संहिता छापल्यावर त्या अभ्यासकांना सुलभ झाल्या. त्यानंतरच्या काळात गृध्रसी म्हणजेच चकतीचा विकार, आणि सुश्रुताला तो ठाऊक होता, अशी विधाने वरचेवर होऊ लागली. अशा विधानांविषयी इतिहासाच्या विद्यार्थ्याने सावध राहावयास हवे. सुश्रुताने चकतीचे नाव घेतलेले नाही; कंडरेचे घेतले आहे. त्याच्या श्रेयात चकती घातल्याने त्याचा गौरव होत नाही, उलट त्याने खरोखर जे पाहिले ते झाकले जाते. पाय उचलण्यात येणारा अडथळा हे रोगाचे लक्षण म्हणून त्याने नोंदविले, आणि ते निरीक्षण त्याच्या उपपत्तीवर अवलंबून नव्हते. म्हणूनच ते उपपत्तीपेक्षा अधिक काळ टिकले.

लोकव्यवहारातील वर्गीकरणाचीही येथे नोंद करावी. पाठीत अकस्मात भरणाऱ्या कळीला महाराष्ट्रात ‘उसण’ म्हणतात, आणि पायाळू माणसाचा पाय पाठीला लावला असता ती उतरते, ही समजूत खेड्यापाड्यांतून सर्वत्र होती. उसण बहुधा आपोआपच काही दिवसांत ओसरते, तेव्हा श्रेय पायाळूच्या पायाला मिळत गेले. परंतु उसण म्हणजे पाठीची, पायात न उतरणारी कळ, एवढा भेद लोकांनी आपल्यापुरता केला होता, हे लक्षणीय आहे.

३

युरोपातील इतिहासही शब्दापासूनच सुरू होतो. ‘सायटिका’ हे नाव ज्या ग्रीक शब्दावरून आले, त्याचा संबंध खुब्याशी आहे. खुब्याच्या आसपास जे जे दुखे ते ते या एका नावाखाली जाई. आज जो विकार कण्याशी जोडला जातो, त्याचे नाव खुब्यावरून पडावे, ही भाषेने जपलेली जुन्या समजुतीची साक्षच होय.

या एकत्रीकरणाला पहिला निश्चित छेद दिला तो नेपल्सच्या दोमेनिको कोतुन्यो याने. १७६४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या लॅटिन ग्रंथात त्याने खुब्याच्या सांध्यात स्थिर राहणारी वेदना आणि नाडीच्या मार्गाने उतरणारी वेदना असे दोन प्रकार वेगळे केले. नाडीजन्य वेदनेतही मागच्या बाजूने उतरणारी व पुढच्या बाजूने, जांघेकडून मांडीवर येणारी, असा पोटभेद त्याने पाडला. कारण सांगताना मात्र तो चुकला; नाडीच्या वेष्टनात साचणाऱ्या द्रवाला त्याने दोष दिला. येथेही तोच प्रकार दिसतो: भेद बरोबर, उपपत्ती चुकीची. नाडीवर जो दाब येतो त्याचे स्थान कण्यात असू शकेल, ही कल्पना पुढे यावयास आणखी दीड शतक जावे लागले.

एकोणिसाव्या शतकात खुब्याचा विचार प्रामुख्याने क्षयाच्या अनुषंगाने झाला. हाडांच्या सांध्यांचा क्षय मुलांत फार होता, आणि खुब्याला लागण झालेले मूल पुष्कळदा गुडघा दुखतो म्हणून रडे. लंडनचे शल्यवैद्य जॉन हिल्टन यांनी १८६० ते १८६२ या काळात दिलेल्या व्याख्यानांत याचे कारण नाड्यांच्या वाटणीत दाखविले: जी नाडी खुब्याला जाते तिच्या शाखा गुडघ्यालाही जातात, म्हणून मेंदूला पत्ता चुकतो. गुडघ्याची तक्रार आली की खुबा तपासावा, हा वैद्यकाच्या विद्यार्थ्याला आजही शिकविला जाणारा नियम या विचारसरणीतून आला.

लिव्हरपूलच्या ह्यू ओवेन थॉमस यांनी १८७५ मध्ये मांडलेली परीक्षा आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक बोलकी आहे. खुबा वाकलेल्या स्थितीत आखडला, तरी रुग्ण पाठीवर सरळ पाय करून पडलेला दिसू शकतो. कारण कंबरेचा कणा तेवढ्या प्रमाणात अधिक कमान घेऊन खुब्याची उणीव भरून काढतो. थॉमस यांनी निरोगी पाय पोटाशी दुमडून ती कमान सपाट केली. त्याबरोबर रोगी पाय आपोआप बिछान्यावरून उचलला जाऊन दोष उघडा पडला. कणा खुब्याचा रोग लपवितो, आणि लपविता लपविता स्वतः दुखू लागतो, ही गोष्ट त्या साध्या कृतीने दृश्य केली. १८९५ मध्ये जर्मनीच्या फ्रीड्रिख ट्रेंडेलेनबुर्ग यांनी एका पायावर उभे राहिले असता कमरेचा दुसरा भाग खाली झुकणे ही खूण वर्णिली आणि खुब्याच्या बाजूच्या स्नायूंची दुर्बलता तीवरून ओळखण्याचा मार्ग दिला.

याच सुमारास नाडीची परीक्षाही निश्चित झाली. रुग्णाला उताणे निजवून गुडघा न वाकविता पाय वर उचलला असता नाडी ताणली जाऊन वेदना पायात उतरते, हे सर्बियातील लाझार लाझारेविच यांनी १८८० मध्ये मांडले. ते कथालेखक म्हणूनही आपल्या देशात विख्यात होते. पुढच्याच वर्षी पॅरिसमध्ये लासेग यांच्या फोर्स्ट नावाच्या विद्यार्थ्याने तीच कृती प्रबंधात नोंदविली, आणि जगभर नाव रूढ झाले ते गुरूचे. पाय उचलण्यातील अडथळा हाच सुश्रुताच्या वर्णनाचाही गाभा होता. एकाने दुसऱ्याचे पाहून लिहिले असे मानण्यास आधार नाही, आणि तशी गरजही नाही. माणसाचा पाय दोन्हीकडे सारखाच असल्यामुळे लक्ष देऊन पाहणाऱ्याला तीच गोष्ट दिसली.

४

विसाव्या शतकाच्या आरंभी आणखी एका सांध्यावर आरोप आला. बोस्टनचे जोएल गोल्डथ्वेट यांनी १९०५ मध्ये श्रोणीच्या मागील, त्रिकास्थीला लागून असलेल्या सांध्याकडे लक्ष वेधले आणि पुढे काही दशके कंबर व पाय यांच्या पुष्कळशा वेदना त्या सांध्याच्या खात्यावर मांडल्या गेल्या. त्याच गोल्डथ्वेट यांनी १९११ मध्ये चकतीचा संशयही व्यक्त केला होता, पण तो त्या काळी मागे पडला.

१९१७ मध्ये शिकागोचे नाडीतज्ज्ञ ह्यू पॅट्रिक यांनी जी परीक्षा सुचविली, ती थेट प्रस्तुत प्रश्नासाठीच होती. उताण्या रुग्णाच्या एका पायाचा घोटा दुसऱ्या गुडघ्यावर ठेवावयाचा आणि वाकलेला गुडघा हळूहळू बाहेर, बिछान्याकडे दाबावयाचा. खुबा रोगी असेल तर ही हालचाल अडते व दुखते; केवळ नाडीचा विकार असेल तर ती सहसा अडत नाही. आपल्या वाचकाला या परीक्षेचे नवल वाटू नये, कारण मांडी घालून बसताना आपण ती दररोज स्वतःवर करीत असतो. “एका पायाची मांडी घालता येत नाही” किंवा “पायाची नखे कापता येत नाहीत” असे रुग्ण सांगतो, तेव्हा त्याने पॅट्रिक यांची परीक्षा घरीच दिलेली असते; वैद्याने ते वाक्य ऐकावयाचे तेवढे राहिलेले असते.

१९३४ हे वर्ष या इतिहासातील मोठे वळण होय. बोस्टनचे मेंदू व नाडीशल्यवैद्य विल्यम मिक्स्टर आणि अस्थिशल्यवैद्य जोसेफ बार यांनी त्या वर्षी आपला निबंध प्रसिद्ध केला. कण्याच्या नळीत सापडणारे जे मांस अर्बुद समजून काढले जाई, ते पुष्कळदा फुटून बाहेर आलेल्या चकतीचेच असते, हे त्यांनी १९ रुग्णांच्या आधारे दाखविले. नाडी पाहणारा एक व हाड पाहणारा एक अशा दोघांनी एकत्र बसून जुनी नमुन्याची काचपट्टी पुन्हा तपासावी, आणि त्यातून दोन्ही शास्त्रांना न सुटलेले कोडे सुटावे, ही घटना संशोधनपद्धतीच्या दृष्टीनेही मननीय आहे.

मात्र यशस्वी शोध पुष्कळदा आपल्या हद्दीबाहेर राज्य करू लागतो. पायात उतरणारी वेदना म्हणजे चकती, आणि चकती म्हणजे शस्त्रक्रिया, असे समीकरण पुढील दोन दशकांत रूढ झाले. त्याला आव्हान देणारा पुरावा मात्र आधीपासून जमा होत होता. लंडनमध्ये जोनास केल्ग्रेन यांनी १९३८-३९ च्या सुमारास स्नायूंत व मणक्यांमधील बंधनांत मिठाचे तीव्र द्रावण टोचून पाहिले, तेव्हा कोणतीही नाडी दाबली गेली नसताना वेदना कुल्ल्यात व पायात पसरली. म्हणजे पाय दुखण्यासाठी नाडीवर दाब यावाच लागतो असे नाही; खोल असलेला कोणताही सांधा किंवा बंधन आपली वेदना दूर पाठवू शकते.

दुसरा धक्का प्रतिमांनीच दिला. १९६८ मध्ये हित्सेलबर्गर व विटेन यांनी पाठीची वा पायाची कोणतीही तक्रार नसलेल्या ३०० व्यक्तींच्या कण्याची, दुसऱ्या कारणासाठी रंगद्रव घालून काढलेली चित्रे तपासली. त्यांतील ३७ टक्के चित्रांत दोष आढळला. पुढे एम.आर.आय. या नावाने परिचित झालेली चुंबकीय अनुस्पंदन-प्रतिमा आली. १९९० मध्ये बोडेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी कधीही पाठ न दुखलेल्या ६७ व्यक्तींची अशी प्रतिमा घेतली, तेव्हा सुमारे एकतृतीयांश व्यक्तींत लक्षणीय विकृती दिसली. साठीच्या पुढील व्यक्तींत हे प्रमाण ५७ टक्के होते. तात्पर्य, वयस्क रुग्णाच्या प्रतिमेत चकती बिघडलेली दिसणे हा तिच्या अपराधाचा पुरावा ठरत नाही. ती घटनास्थळी हजर होती एवढेच त्यावरून सिद्ध होते.

खुब्याच्या बाबतीतही क्ष-किरण-चित्र याहून अधिक विश्वासार्ह ठरले नाही. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम येथील पाहणीवर आधारलेल्या २०१५ च्या निबंधानुसार, वारंवार दुखणाऱ्या खुब्यांपैकी सुमारे १६ टक्क्यांतच चित्रात संधिझीज दिसली. आणि ज्या खुब्यांत झीज दिसली त्यांपैकी सुमारे २१ टक्केच वारंवार दुखत होते.

५

१९८३ मध्ये टोरोंटोचे ऑफिएर्स्की व मॅक्नॅब यांनी या प्रश्नाला नवे नाव दिले आणि खुबा व कणा यांच्या संयुक्त विकाराचे चार प्रकार मांडले. पहिल्यात दोन्ही ठिकाणी झीज असते, पण वेदनेचा उगम एकच असून तो ओळखता येतो. दुसऱ्यात दोन्ही ठिकाणे खरोखर दुखतात आणि प्रत्येकाचा वाटा वेगळा काढणे कठीण असते. तिसऱ्यात एकाचा दोष दुसऱ्याला बिघडवितो. थॉमस यांच्या परीक्षेत दिसणारी आखडलेल्या खुब्याची व वाकलेल्या कण्याची जोडी ती हीच. चौथा प्रकार रोगाचा नसून वैद्याचा आहे: चुकीचे निदान होऊन चुकीच्या ठिकाणी झालेला उपचार. या चौथ्या प्रकाराला वर्गीकरणात प्रामाणिकपणे स्थान देणे हा त्या निबंधाचा मोठा गुण म्हणावा लागेल. खुबा झिजलेल्या माणसाच्या कण्यावर शस्त्रक्रिया झाली, तर त्याला वेदना पूर्वीचीच राहते आणि त्यात जखमेची भर पडते.

जुने नियमही या काळात पुन्हा तपासले गेले. खुब्याची वेदना जांघेत व कण्याची वेदना कुल्ल्यात, असा पाठ विद्यार्थ्यांना दिला जाई. २००८ मध्ये लेशर व सहकाऱ्यांनी, खुब्याच्या सांध्यात बधिर करणारे औषध टोचताच ज्यांची वेदना जवळजवळ नाहीशी झाली अशा ५१ रुग्णांचा अभ्यास केला. त्यांपैकी ७१ टक्क्यांना कुल्ल्यात, ५५ टक्क्यांना जांघेत आणि २२ टक्क्यांना गुडघ्याखाली वेदना होती. उलट कंबरेच्या वरच्या मणक्यांतील चकती बिघडली तर वेदना मांडीच्या पुढच्या बाजूस येते व खुब्याचा आभास होतो. ट्रेंडेलेनबुर्ग यांची खूणही केवळ खुब्याची मक्तेदारी राहिली नाही. पाचव्या कटिनाडीचे मूळ दुखावले तरी तेच स्नायू दुर्बल होतात. म्हणून स्थानावरून केलेला निर्णय संभाव्यतेचाच राहतो. त्याला जोड द्यावी लागते ती हालचालीची: खुबा आतल्या बाजूस वळविला असता अडतो व दुखतो काय, सरळ पाय उचलता वेदना गुडघ्याखाली उतरते काय, पायाचा अंगठा वर उचलण्याचे बळ, घोट्याची प्रतिक्षिप्त क्रिया व त्वचेची संवेदना शाबूत आहे काय. यानंतरही संशय उरला तर खुब्यात बधिरीकरणाचे औषध टोचून पाहणे हा एक निर्णायक प्रयोग होय.

६

महाराष्ट्रात या सामान्य इतिहासाला काही स्थानिक प्रकरणे जोडावी लागतात. पाश्चात्त्य क्रमिक पुस्तकांतील वृद्धाच्या संधिझिजेपुरता आपला प्रश्न मर्यादित नाही.

त्यांपैकी पहिले क्षयाचे. कंबरेच्या मणक्याला क्षय झाला असता पू एका मोठ्या स्नायूच्या वेष्टनातून खाली उतरतो आणि जांघेत गाठ म्हणून प्रकट होतो. रुग्ण खुबा वाकवून ठेवतो आणि सर्व चित्र खुब्याच्या रोगाचे दिसते. येथे जुन्या वैद्यांनी एक सूक्ष्म खूण सांगून ठेवली आहे. अशा रुग्णाचा पाय सरळ करू गेल्यास तो अडतो, परंतु वाकलेल्या स्थितीतच खुबा आतबाहेर वळविला तर तो मोकळेपणी वळतो. सांधाच रोगी असता तर तोही अडला असता.

दुसरे प्रकरण विदर्भाचे. रक्तपेशी कोयत्याच्या आकाराच्या होण्याचा आनुवंशिक दोष मध्य भारतात असल्याचे शुक्ला व सोळंकी यांनी १९५८ मध्ये नोंदविले. या विकारात मांडीच्या हाडाच्या डोक्याचा रक्तपुरवठा खंडित होऊन ते कोसळू शकते, आणि तेही तरुण वयात. पूर्व विदर्भातून किंवा नंदुरबारच्या आदिवासी भागातून मुंबईच्या उपनगरात कामाला आलेला तरुण कंबर-मांडी दुखते म्हणून आला, तर त्याचे मूळ गाव विचारणे हा निदानाचाच भाग ठरतो.

तिसरे प्रकरण अगदी अलीकडचे व मुंबईचेच आहे. कोविड-१९ च्या साथीत स्टेरॉइड औषधांनी अनेकांचे प्राण वाचविले. २०२१ मध्ये माहीमच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. संजय अगरवाला व त्यांचे सहकारी यांनी तीन रुग्णांचे वृत्त प्रसिद्ध केले. या तिघांत कोविडच्या निदानानंतर सरासरी ५८ दिवसांनी खुब्याची लक्षणे सुरू झाली व हाडाच्या डोक्याचा रक्तपुरवठा खंडित झाल्याचे आढळले. त्यांना मिळालेली औषधाची सरासरी मात्रा ७५८ मिलिग्रॅम प्रेड्निसोलोनइतकी होती. असा परिणाम होण्यास सुमारे २००० मिलिग्रॅम मात्रा लागते, असे पूर्वी मानले जाई. तीन रुग्णांवरून प्रमाण काढता येत नाही, हे खरे. परंतु या रोगाच्या आरंभी साधे क्ष-किरण-चित्र निर्दोष असू शकते. अशा वेळी चित्र स्वच्छ म्हणून खुबा सोडून द्यावा आणि कण्याच्या प्रतिमेत योगायोगाने सापडलेल्या चकतीवर सारा भार टाकावा, असा मोह होतो. खुब्याचा रोग लवकर कळला तर डोके कोसळण्यापूर्वी उपचाराला अवसर असतो. तो अवसर येथे गमावला जाऊ शकतो.

या तिन्ही प्रकरणांत एक समान सूत्र आहे. रुग्ण कोठून आला, त्याने पूर्वी कोणते औषध घेतले, त्याच्या घरात कोणाला काय झाले, हे प्रश्न वस्तुतः इतिहासाचेच आहेत. वैद्यकात रुग्णाच्या निवेदनाला ‘पूर्ववृत्त’ म्हणतात, ते नाव अन्वर्थक आहे.

७

मुंबईत ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय १८४५ मध्ये स्थापन झाले आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथे मराठी व गुजराती माध्यमांचे वर्गही चालले. शरीराच्या कोणत्या भागाला कोणता देशी शब्द लावावयाचा, हा प्रश्न त्या वर्गांतील शिक्षकांसमोर उभा राहिला असलाच पाहिजे. तो अद्याप संपलेला नाही. वैद्यकीय शिक्षण इंग्रजीतून घेतलेला डॉक्टर आणि मराठी, हिंदी वा कोळी बोलीत दुखणे सांगणारा रुग्ण यांच्यामध्ये ‘जांघ’, ‘कंबर’, ‘खुबा’ हे शब्द आजही दुभाष्याविना उभे आहेत. वैद्यकाच्या इतिहासाच्या अभ्यासकाने वेदनेच्या देशी शब्दांचा प्रदेशवार व भाषावार संग्रह केला, तर त्याचा उपयोग ग्रंथालयाबरोबरच दवाखान्यातही होईल.

वर दिलेल्या वृत्तांतातून निष्पन्न होते ते असे. वाताची उपपत्ती मागे पडली, नाडीतील द्रवाची पडली, त्रिकसंधीचे प्राबल्य ओसरले, चकतीचे राज्यही मर्यादित झाले. परंतु पाय उचलताना होणारा अडथळा, खुबा वळविताना होणारा अडथळा, आणि मांडी घालता न येण्याची तक्रार ही निरीक्षणे ज्या ज्या काळात नोंदविली गेली, त्या त्या काळातून पुढच्या काळात अबाधित आली. त्यांच्या जोडीला प्रतिमा आली तर निर्णय पक्का होतो. त्यांच्या जागी प्रतिमा आली तर ऑफिएर्स्की व मॅक्नॅब यांचा चौथा प्रकार वाढतो.

अंधेरीच्या त्या बाकावरील दोन रुग्णांकडे पुन्हा वळावे. त्यांच्या चिठ्ठीवर एकच शब्द लिहिला गेला होता. दोघांनाही “कोठे दुखते ते एका बोटाने दाखवा, आणि मग मांडी घालून बसून दाखवा” एवढेच सांगितले असते, तर त्या शब्दाचे दोन अर्थ त्याच क्षणी वेगळे झाले असते.